सातारा ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय (पारसनीस संग्रह)

सातारा ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय : इतिहाससंशोधक रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी आयुष्यभर जमवलेल्या मराठेकालीन कागदपत्रांचे, चित्रांचे आणि वस्तूंचे सातारा येथील संग्रहालय. स्थापना १९२५. पुढे १९३९ मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे देण्यात आला आणि तेथील मराठा इतिहास संग्रहालयाचा तो पाया ठरला. साताऱ्यात हे संग्रहालय जेमतेम चौदा वर्षे नांदले. तरीही गावाने आपला इतिहास आपल्यापाशी सांभाळण्याचा इथला हा सर्वांत मोठा प्रयत्न होता, आणि ज्या गावचा ठेवा त्याच गावात तो का टिकला नाही, हा प्रश्न या भागातल्या प्रत्येक संग्रहालयाला आजही लागू पडतो.

साताऱ्यात जुने कागद इतके का, हे आधी सांगायला हवे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसले. पेशव्यांचा कारभार पुण्याहून चालत असला तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून जात. सरदार, मुत्सद्दी, चिटणीस, फडणीस, देशमुख, कुलकर्णी अशा घराण्यांचे वाडे साताऱ्यात, वाईत, कऱ्हाडात आणि आसपासच्या गावांत उभे राहिले. प्रत्येक वाड्यात दप्तर होते. १८१८ नंतर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, १८३९ मध्ये पदच्युत केले, आणि १८४८ मध्ये औरस वारस नसल्याचे कारण पुढे करून संस्थान खालसा केले. दरबार उठला आणि कागद घरोघरी माळ्यावर गेले.

तिथे त्यांना वाळवी लागली, पावसाळ्यात कौलांतून पाणी लागले. पण नुसत्या हेळसांडीला दोष देणे बरोबर नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम जमिनींच्या हक्कांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपल्या सनदा पुढे करून हक्क शाबीत करावा लागला. ज्याला कागद दाखवता आला नाही त्याचे इनाम गेले. दाखवलेल्या कागदात सरकारला खोट दिसली तरी तेच. दोन पिढ्या ही धास्ती घराघरांत मुरली. त्यामुळे पुढे इतिहासाची आवड असलेला कोणी दारात आला, तरी घरच्या कर्त्या माणसाने 'आमच्याकडे काही नाही' म्हणावे, हे साहजिकच होते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी वाईत मिळालेल्या कागदांच्या आधारे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांचे दप्तर उलगडत बसले होते. या मंडळींना कागद वाचण्याआधी माणसांचा विश्वास कमवावा लागला.

पारसनीस याच पिढीचे, आणि थेट साताऱ्याचे. वयाच्या सतराव्या वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी 'महाराष्ट्र कोकिळ' हे मासिक सुरू केले. १८९४ मध्ये त्यांचे झाशीच्या राणीचे चरित्र आले. 'भारतवर्ष' आणि १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' या नियतकालिकांतून त्यांनी अप्रकाशित कागद छापायला सुरुवात केली. चार्ल्स किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत सिद्ध केला. शाळा-कॉलेजातली मोठी पदवी त्यांच्याजवळ नव्हती. होती ती कागद हुडकून काढण्याची चिकाटी आणि सरदार-संस्थानिकांपासून इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांशी संबंध जोडण्याची हातोटी. नाना फडणिसांचे मेणवलीच्या वाड्यातले दप्तर त्यांच्या हाती आले, ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी मिळकत. वाईजवळ कृष्णाकाठी असलेल्या त्या वाड्यात उत्तर पेशवाईचा मोठा पत्रव्यवहार साठला होता.

दप्तर म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी. चौकोनी जाड कापडात गच्च बांधलेले कागदांचे गाठोडे म्हणजे रुमाल. रुमाल सोडला की आत पुडकी निघतात. कागद हातबनावटीचा, कडांना तपकिरी झालेला. लिहिणाऱ्याने आधी डावीकडून उजवीकडे सलग रेघ ओढली आणि मग बोरू फारसा न उचलता मोडी अक्षरे त्या रेघेखाली लोंबती सोडली, हे ओळीवर नजर ठेवली की कळते. पत्र लांबले तर दुसरा बंद खळीने खाली चिकटवलेला असतो आणि सांध्यावर पाठीमागून शिक्का, म्हणजे मधलाच बंद कोणी बदलू नये. शेवटी मोर्तब. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही भर घातली तर ती खोटी, असा त्याचा अर्थ. शाई वाळावी म्हणून टाकलेल्या वाळूचा एखादा कण अडीचशे वर्षांनंतरही घडीत सापडतो. छापील पुस्तकात पत्राचा मजकूर येतो, पण घाईत लिहिलेल्या ओळी, मध्येच बदललेले हस्ताक्षर आणि समासात मागाहून घातलेली सूचना मूळ कागदावरच दिसते. त्यासाठीच संग्रहालय लागते.

पारसनिसांनी कागदांबरोबर चित्रे, नकाशे, नाणी, पोशाख आणि दुर्मीळ ग्रंथही जमवले होते. साताऱ्यातले 'हॅपी व्हेल' हे त्यांचे राहते ठिकाण अभ्यासकांच्या ओळखीचे झाले होते, कारण त्यांच्या इंग्रजी पुस्तकांच्या प्रस्तावनांखाली तोच पत्ता असे. एका माणसाच्या घरात मावणारा आणि त्याच्यामागे घरच्यांना पेलणारा हा पसारा नव्हता, म्हणून त्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उभे राहणे भाग होते. ते १९२५ मध्ये उभे राहिले. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १९२६ रोजी, पारसनीस वारले.

इथेच या संग्रहालयाचे दुबळेपण उघडे पडले. संग्रह एका माणसाचा होता. कोणत्या रुमालात काय आहे, कोणते चित्र कोणाकडून आले, याची खडान्‌खडा माहिती ज्याला होती तोच गेला. पुण्याला १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ होते. तिथे वाचक होते, सभा होत, कागद लावणारी तरुण माणसे तयार होत होती. साताऱ्यात इमारत होती, वस्तू होत्या, पण त्यांच्याभोवती अशी मंडळी जमली नव्हती. १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, आणि त्याच वर्षी साताऱ्याचा संग्रह तिकडे हलवला गेला. अभ्यासाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. रुमाल जतन झाले, याद्या झाल्या, त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या काम झाले. मेणवली दप्तर आज जगभरचे अभ्यासक पाहू शकतात ते या स्थलांतरामुळे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण साताऱ्याच्या शाळेतल्या मुलाला आपल्या गावच्या पेठेचा उल्लेख असलेला कागद पाहायचा तर खंबाटकी घाट ओलांडून पुणे गाठावे लागते, हेही तितकेच खरे. कागद बचावले आणि गावाची त्यांच्याशी असलेली रोजची ओळख तुटली. निदान त्यांच्या प्रती साताऱ्यात परत आल्या पाहिजेत, असे या नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते.

शेजारचे औंध याच काळात वेगळ्या वाटेने गेले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते, आणि घरोघरी सूर्यनमस्कार पोचवणारे म्हणून त्यांची ख्याती होती. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामाला त्यांनीच मोठा आधार दिला. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या मूळपीठ डोंगराच्या उतारावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे, धुरंधर आणि बाबूराव पेंटर यांची कामे, पहाडी लघुचित्रे, हस्तिदंती कोरीवकाम, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्प हे सारे खटाव तालुक्यातल्या एका गावात आहे. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झाले, पुढे संग्रहालय राज्य शासनाकडे आले, पण वस्तू जागच्या हलल्या नाहीत. त्यामागे जागेची निवड आहे. संग्रहालय देवीच्या वाटेवर आहे. पौषातल्या यात्रेला आलेला माणूस यमाईचे दर्शन घेतो आणि उतरताना पोराबाळांसह चित्रे पाहायला आत शिरतो. संग्रहालय पाहायचे असे ठरवून तो घरातून निघालेला नसतो. पारसनिसांच्या संग्रहाला असा रहदारीचा आधार कधी मिळाला नाही.

आज साताऱ्यात एसटी स्थानकाजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ते शासनाचे आहे आणि त्यात शस्त्रे, पोशाख, नाणी, चित्रे अशा मराठेकालीन वस्तू आहेत. पारसनीस संग्रहाशी त्याचा थेट संबंध नाही. १९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांच्या बोलीवर आणलेली वाघनखे महाराष्ट्रात सर्वप्रथम इथे मांडली गेली आणि सुमारे सात महिने इथे राहिली. जेम्स ग्रँट डफ १८१८ पासून काही वर्षे साताऱ्यात रेसिडेंट होते आणि ही वाघनखे त्यांना इथे असताना मिळाली, असा मजकूर त्यांच्या पेटीवरच आहे. अफझलखानाच्या भेटीत महाराजांनी वापरली ती हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, असे खुद्द लंडनच्या संग्रहालयाचे म्हणणे आहे. आडव्या पट्टीला दोन अंगठ्या आणि खाली वळलेली पोलादी नखे, एवढीशी ती वस्तू. ती पाहायला खेड्यापाड्यांतून माणसे आली, शाळांच्या सहली आल्या. या वादात न शिरताही एक गोष्ट ठामपणे म्हणता येते : साताऱ्यातून गेलेली वस्तू काही महिन्यांसाठी का होईना साताऱ्यात परतली, आणि गावाने तिच्यासाठी रांग लावली. साताऱ्याच्या लोकांना अशा गोष्टींचे सोयरसुतक नाही म्हणून संग्रह गेला, असे जे कधी कधी ऐकू येते, त्याला याहून चांगले उत्तर नाही.

स्थानिक इतिहास म्हणजे फक्त तलवारी आणि सनदा नव्हेत. राजवाड्यात भरणाऱ्या प्रतापसिंह हायस्कूलच्या दाखल्यांच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी प्रवेश घेतलेल्या भिवा रामजी या विद्यार्थ्याची नोंद आहे. पुढे हाच विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाला, आणि २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. ते रजिस्टर शाळेने जपले, म्हणून ती ओळ आज वाचता येते. असे कागद ग्रामपंचायतींत, तालमींत, सहकारी सोसायट्यांत आणि जुन्या छापखान्यांत पडून आहेत. मोडी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मागे रुमाल सोडून पाहणारे कोणी उरत नाही. सातारा, वाई, कऱ्हाड, मिरज आणि सांगली इथल्या वाड्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहताना माळ्यावरचे गाठोडे सर्वांत आधी खाली येते.