पेशी मोजायच्या की श्वास?

श्रावणात कानबाई ही खान्देशची देवी घरोघरी बसते तेव्हा सुरत, नाशिक, पुण्याकडे पांगलेला गोतावळा खान्देशात घरी येतो. तिच्या प्रसादाच्या, म्हणजे रोटाच्या, जेवणाला एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. दिवस नेमके पावसाळी तापाचे. चार दिवसांनी कुणी फणफणलं की घरात पहिला प्रश्न येतो, "पेशी किती?" म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट.

डेंग्यू असेल तर ठीक. स्वाइन फ्लू असेल तर प्रश्नच चुकला.

पहिले दोन दिवस दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. एकदम चढलेला ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं. फ्लूतही प्लेटलेट थोड्या उतरू शकतात, मग सगळं घर पपईच्या पानांमागे लागतं. (शहाद्याकडे मळेच पपईचे, पानांना तोटा नाही.) खोकला आणि घसादुखी असेल तर संशय फ्लूचा. डोळ्यांमागे ठणका, अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त असेल तर डेंग्यूचा. डेंग्यू दिवसा चावणाऱ्या एडिस डासाचा. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या पिंपात तो वाढतो. फ्लू खोकणाऱ्या माणसाकडून येतो. गल्लीतली डुकरं पकडून तो थांबत नाही.

खरा फरक आहे घात कधी आणि कसा होतो यात. डेंग्यू दगा देतो तो ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. "ताप उतरी गया ना, आते काय?" म्हणत माणूस कामाला लागतो आणि तेव्हाच रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागतं. पोटात दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, गार हातपाय, कमी झालेली लघवी ही त्याची खूण. डॉक्टर अशा वेळी प्लेटलेटइतकंच, किंबहुना जास्त, हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाकडे, बघतात; पाणी झिरपलं की ते वाढतं. ही गळती एक-दोन दिवसांची असते. तेवढ्यात सलाईन मोजून-मापून दिलं, तर मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या खाली राहतं. ब्रुफेनसारख्या गोळ्या मात्र टाळायच्या, रक्तस्राव वाढतो.

स्वाइन फ्लूत घात होतो तो फुप्फुसांत. दवाखान्यात भरती होणाऱ्यांची तक्रार ठरलेली: ताप, खोकला आणि धाप. एक्स-रेत बऱ्याचदा दोन्ही फुप्फुसांवर पांढरे डाग. त्यातल्या काहींची फुप्फुसं इतकी सुजतात की व्हेंटिलेटर लागतो, आणि तिथून परतणं अवघड असतं. सुटका झाली तरी आठवडे जातात. 2009 च्या साथीत धडधाकट तरुण आणि गरोदर बायाही दगावल्या, त्यामुळे "वय लहान आहे, निभावेल" हा हिशेब इथे चालत नाही. मधुमेह, दमा, जाड शरीर असेल तर धोका आणखी. हाती लागत नाहीत ते बहुतेक उशिरा आलेले. गावात दोन इंजेक्शनं, तालुक्याला सलाईन, आणि ओठ निळे पडल्यावर जळगाव किंवा धुळे. फ्लूच्या विषाणूवरची ऑसेलटॅमिवीर ही गोळी पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर सर्वात गुणकारी. भरती झालेल्याला मात्र ती उशिरानेही देतात.

सरकारी नियमांत फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क गट आहेत. साध्या सर्दी-तापाच्या अ गटाला ना स्वॅब लागतो, ना ही गोळी. घरीच वेगळं राहायचं. ब गटातल्या गरोदर, म्हाताऱ्या, जुनाट आजाराच्या माणसांना गोळी मिळते. धाप, छातीत दुखणं, ग्लानी असेल तो क गट: लगेच भरती, आणि औषध स्वॅबच्या रिपोर्टसाठी थांबत नाही. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तर काढा. ऑक्सिजनचा आकडा 94 च्या खाली दिसला की गाडी काढायची.