स्टॉक ईसीयू टर्बोसाठी बदलणे

टर्बो नसलेल्या इंजिनासाठी कंपनीने दिलेला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) तसाच ठेवायचा आणि त्याच्या आतला प्रोग्राम आणि तक्ते बदलून त्याच्याकडून टर्बो किंवा सुपरचार्जर चालवून घ्यायचा, असं हे काम आहे. डिझेल गाड्यांचा नेहमीचा रिमॅप वेगळा, तिथे टर्बो कंपनीचाच असतो आणि ईसीयूला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) म्हणजे काय ते माहीत असतं, फक्त आकडे वर सरकवायचे असतात. इथे ईसीयूला ती गोष्टच ठाऊक नसते. म्हणून पाइप, इंटरकूलर, मॅनिफोल्ड वगैरे भोसरीतल्या एखाद्या चांगल्या फॅब्रिकेटरकडून आठवड्याभरात होऊन येतं आणि गाडी त्यानंतर महिनोन् महिने लॅपटॉपला जोडून उभी राहते.

मुळातली अडचण हवा मोजण्याची आहे. किती हवा आत गेली हे कळल्याशिवाय पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयूला ठरवता येत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत हे काम मॅप सेन्सरवर असतं, तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब सांगतो, मग दाब, हवेचं तापमान, आरपीएम आणि सिलिंडर कितपत भरतो याचा तक्ता हे सगळं धरून हवेचा हिशेब निघतो. साध्या इंजिनात हा दाब बाहेरच्या हवेच्या वर जातच नाही, म्हणून १ बारचा सेन्सर पुरतो, तो साधारण १०५ किलोपास्कलपर्यंत वाचतो. त्यापुढे टर्बोने कितीही हवा कोंबली तरी सेन्सर ५ व्होल्टच्या आसपास अडकून बसतो. अर्धा बार बूस्ट आला की हवा जवळपास दीडपट झालेली असते, ईसीयू मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल देतो, मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी पेटणं) सुरू होतं आणि पिस्टनचा कडा तुटायला एखादा चढ पुरे होतो.

म्हणून आधी २ किंवा ३ बारचा सेन्सर लावायचा. पण नुसता सेन्सर बदलून भागत नाही. जुन्या आठ बिटी ईसीयूमध्ये दाब ० ते २५५ या आकड्यांतच बसवलेला असतो, १ बारला एक पायरी म्हणजे साधारण ०.४ किलोपास्कल, २ बारचा सेन्सर लावला की तीच पायरी ०.८ ची होते, म्हणजे ईसीयूला १०० दिसतात तेव्हा खरा दाब दुप्पट असतो. मग सेन्सरचं स्केलिंग बदला, प्रत्येक तक्त्याची लोडची (म्हणजे दाबाची) बाजू ताणून घ्या, इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या झडपेचा) स्थिरांक दुरुस्त करा. एवढं करून आयडलला गाडी थोडी डचमळते, कारण खालच्या दाबाला लागणारी बारीक मापं आता निम्मी उरलेली असतात. ही किंमत मोजावीच लागते, ज्याला सिग्नलला मऊसूत आयडल हवं त्याने या भानगडीत पडू नये.

स्केलिंग बरोबर बसलं का हे पुण्यात फुकटात तपासता येतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथला हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. चावी ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही, लॅपटॉपवर मॅपचं रीडिंग बघायचं. ९४-९५ आलं तर ठीक, १०१ आलं तर कोणीतरी मुंबईच्या किनाऱ्याचे आकडे गृहीत धरलेत, आणि ४७ वगैरे दिसलं तर जुनं १ बारचं स्केलिंग तसंच राहिलंय. महाबळेश्वरला हाच आकडा ८६ च्या जवळ येतो, आणि बरेच ईसीयू चावी ऑन करताना हेच रीडिंग बाहेरचा दाब म्हणून लक्षात ठेवतात, त्यामुळे इथली चूक पुढे सगळीकडे पसरते.

इंजेक्टरचं गणित सरळ आहे. ६००० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र २० मिलिसेकंदांचं, स्टॉक इंजेक्टर फुल लोडला त्यातले १४ मिलिसेकंद उघडा राहत असेल तर दीडपट हवेला २१ लागतील, म्हणजे तो बंदच होणार नाही. शिवाय बूस्टमध्ये मिश्रण रिच ठेवायचं असतं, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण आदर्शाच्या किती पट, १ म्हणजे आदर्श) ०.८ च्या आसपास, म्हणजे अजून पेट्रोल. मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप आलाच, आणि नव्या इंजेक्टरचा फ्लो आणि डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) ईसीयूत भरावा लागतो. स्टॉकचा ऑक्सिजन सेन्सर लॅम्डा १ च्या आजूबाजूचंच सांगतो, पुढे नुसतं रिच की लीन एवढंच, त्यामुळे वाइडबँड (लॅम्डाचा नेमका आकडा सांगणारा सेन्सर) नसेल तर ट्यूनिंग म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं आदर्श प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या जवळ आहे, म्हणून एएफआरऐवजी (हवा-पेट्रोलच्या नुसत्या प्रमाणाऐवजी) लॅम्डात बोललेलं बरं.

इग्निशन मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडायची. दर पीएसआय बूस्टमागे साधारण एक डिग्री हा जुना ठोकताळा, सुरुवात म्हणून ठीक आहे, पण १० किंवा ११ कॉम्प्रेशनच्या इंजिनात तेवढ्याने भागेल असं नाही. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये पुण्यातही आलं, त्यावर तक्ते बसवायचे आणि मग साधं पेट्रोल भरून कात्रजचा घाट चढायचा, हा प्रकार इंजिनाला महागात पडतो.

आत शिरायचं कसं हे ईसीयूच्या वयावर असतं. १९९२ ते ९५ च्या अमेरिकन सिव्हिकचा होंडा पी२८ हे नेहमीचं उदाहरण, त्याच्या बोर्डावर बाहेरच्या चिपची जागा रिकामी ठेवलेली असते, तिथे २८ पिनांचं सॉकेट, ७४एचसी३७३ लॅच आणि जे१ जंपर लावला की प्रोसेसर आतला प्रोग्राम सोडून बाहेरची ३२ किलोबाइटची २७सी२५६ चिप वाचतो. कंपनीने त्या भोकांत सोल्डर भरून ठेवलेलं असतं, ते ओढून काढताना ट्रॅक उचकटला तर बोर्ड गेला. सॉकेट आणि लॅच तपकीर गल्लीत किरकोळ पैशात मिळतात, सोल्डर ओढणारा पंपही तिथेच घ्यावा, पण हात बसवायला आधी एखादा भंगारातला बोर्ड घ्या. नव्या गाड्यांत फ्लॅश मेमरी ओबीडी पोर्टमधून लिहिता येते, तिथे खरी लढाई सुरक्षा चावी आणि चेकसमशी, एक बाइट बदलला आणि बेरीज जुळवली नाही तर गाडी लिंप मोडला (कमी ताकदीवर कशीबशी चालण्याच्या अवस्थेला) जाते किंवा सुरूच होत नाही.

शॉर्टकटही आहेत. मॅपच्या नळीत चेक व्हॉल्व्ह घालून ईसीयूपासून बूस्ट लपवतात आणि बूस्टबरोबर पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर लावतात, चेक इंजिनचा दिवा लागत नाही एवढंच काय ते सुख. इग्निशनचं काय? ते होतं तिथेच राहतं. अगदी कमी बूस्टला चालून जातं, त्यापुढे नाही. पिगीबॅक (वरून जोडलेला छोटा कॉम्प्युटर) त्याहून बरा, पण तोही सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसून खोटंच सांगतो. हौशी मंडळी स्टॉक ईसीयू काढून २००१ च्या सुमारास सुरू झालेला मेगास्क्वर्ट किंवा आर्डुइनोवरचा स्पीडुइनो लावतात, शिकायला तेच सोपं, पण मग एसी, मीटर, इमोबिलायझर सगळं परत जोडत बसावं लागतं, आणि रोजच्या गाडीला स्टॉक ईसीयूच राखावा असं वाटतं ते याचमुळे.

कायद्याचं मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं, त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसी निघालं म्हणजे गाडी कायदेशीर झाली असा समज बऱ्याच जणांचा आहे, पण ती पेट्रोल गाडीची तपासणी उभ्या गाडीवर होते, बूस्ट तिथे येतच नाही. इन्शुरन्सवाल्यांना कळवलं नसेल तर क्लेमही अडकू शकतो, म्हणून अशा बऱ्याच गाड्या ट्रेलरवर घालून ट्रॅकला नेतात.