पेव्हिंगचं काम चांगलं झालंय का, हे कसं ओळखायचं?

घराभोवती पेव्हर ब्लॉक बसवून झाले की पहिल्या दिवशी कुणाचंही काम छानच दिसतं. सगळा खेळ ब्लॉकच्या खाली असतो आणि तो एकदा झाकला गेला की दिसत नाही, त्यामुळे जमेल तितकं काम चालू असतानाच बघा.

गाडीचं चाक ब्लॉकवर आलं की ते वजन ब्लॉकमधून खडीत आणि खडीतून मातीत पसरत जातं. मातीत हवेच्या पोकळ्या राहिल्या असतील तर त्या हळूहळू दबतात आणि वर खड्डा पडतो. म्हणून तर धुम्मस मारायचा किंवा प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे माती दाबणारं थरथरतं मशीन, फिरवायचा. पण प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1933 मध्येच दाखवून दिलंय की माती कोरडी असेल तर कण एकमेकांवर अडतात आणि फार ओली असेल तर पोकळ्यांत पाणीच बसलेलं असतं, दोन्हीकडे माती नीट दाबली जात नाही, मधला बेताचा ओलावा लागतो. शिवाय भराव 10 ते 15 सेंटीमीटरच्या थरांनीच दाबायचा, कारण छोट्या मशीनचा दणका त्याच्या फार खाली पोचतच नाही. सगळ्यात जास्त लक्ष भिंतीलगत द्या! पायासाठी खणलेला चर तिथे भरलेला असतो, माती भुसभुशीत असते आणि मशीन भिंतीला चिकटून फिरवता येत नाही म्हणून नेमकी तीच पट्टी सोडली जाते. ड्रेनेजच्या पाइपवरही तेच, सहसा पहिल्यांदा खचतात त्या याच दोन जागा.

खडीवर वाळूचा थर 25 ते 40 मिलिमीटर आणि सगळीकडे सारखा हवा. खडी वरखाली झालीय म्हणून खोलगट जागी जास्त वाळू टाकून लेव्हल काढतात, हे मला अजिबात पटत नाही, कारण जाड वाळू जास्त दबते आणि तो खोलगटपणा काही दिवसांनी परत वर दिसतो.

आता सांधे. दोन ब्लॉकमध्ये 2 ते 5 मिलिमीटरची फट हवी आणि ती कोरड्या बारीक वाळूने गच्च भरलेली हवी, कारण त्या कणांच्या घर्षणामुळेच एका ब्लॉकवरचं वजन शेजारच्या ब्लॉकवर जातं. ब्लॉकच्या कोपऱ्यावर उभं राहून बघा, तो डुगडुगला किंवा फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर सहज खोल गेला तर वाळू नीट बसलेली नाही. सिमेंटचं पाणी ओतून सांधे बुजवलेले असतील तर विचारा का ते, असं पेव्हिंग थोडंफार हलणारच आणि मग ते सिमेंट तडकतं. कडेला काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब, म्हणजे कडेचा आधाराचा दगड, तोही पाहिजेच, नाहीतर शेवटची रांग बाहेर सरकते, फटी उघडतात, वाळू वाहून जाते. गाडी फिरणार असेल तर ब्लॉक हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या नागमोडी रचनेत, लावलेले चांगले, त्यात चाकाच्या दिशेने सलग सरळ फट राहत नाही.

पाण्याबद्दल मात्र तडजोड नको. उतार घरापासून बाहेर हवा, मीटरमागे साधारण दीड-दोन सेंटीमीटर, आणि पेव्हिंगची लेव्हल भिंतीतल्या ओलरोधक थरापेक्षा (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीच्या तळाशी घातलेला थर) सुमारे 15 सेंटीमीटर खाली, कारण कडक जमिनीवर आपटलेलं पावसाचं पाणी भिंतीवर उडतं आणि त्या थराच्या वर गेलं की ओल घरात यायला मोकळी. तपासायला बादलीभर पाणी भिंतीजवळ ओता आणि कुठे जातंय ते बघत रहा, भिंतीकडे वळलं किंवा मध्येच तळं साचलं तर पैसे पूर्ण चुकते करायच्या आधी ते दुरुस्त करून घ्या.

नव्या ब्लॉकवर पांढरी भुकटी दिसली म्हणून मात्र गवंड्याशी भांडू नका. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची रिॲक्शन होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, ब्लॉकची ताकद त्याने कमी होत नाही आणि उन्हापावसात बहुतेक वेळा ते आपोआप जातं. घाईने ॲसिड ओतलं तर उलट ब्लॉकचा वरचा थरच खराब होतो.