‘कोणाकडे आहे का?’ : शिक्षकांच्या ऑनलाइन साहित्यामागची पार्श्वभूमी

जून लागला की नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागण्या सुरू होतात. चौथीचं वार्षिक नियोजन कोणाकडे आहे का, सहावी गणिताच्या घटक चाचण्या कोणी टाकेल का, सेतू अभ्यासाची पीडीएफ परत पाठवा मागची डिलीट झाली, आणि कोणीतरी पाच मिनिटांत पाठवतंच. मदत करायची वृत्ती आपल्या शिक्षकांमध्ये भरपूर आहे, यात मला कधीच शंका वाटली नाही. पण आलेल्या फायलींपैकी वर्गात खरोखर किती वापरल्या जातात, आणि वापरल्या तर कशा, हे कोणी कोणाला सांगत नाही. हे असं का झालं ते समजायचं तर जरा मागे जावं लागतं, कारण साहित्य वाटून घेणं इंटरनेटमुळे सुरू झालेलं नाही.

आधी सगळं हातानेच चालायचं. खडू-फळा मोहीम 1987 मध्ये आली तेव्हा शाळांना नकाशे, गणित पेटी, विज्ञान पेटी असं साहित्य मिळालं, बऱ्याच ठिकाणी ते हरवेल-मोडेल म्हणून कपाटात कुलूपबंद राहिलं हेही खरं. वर्गात चालायचं ते शिक्षकांनी स्वतः केलेलं, पुठ्ठ्यावरची शब्दपट्टी, काडेपेटीच्या काड्यांचे गठ्ठे, चिंचोके, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलेले तक्ते. प्रश्नपत्रिका स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल करायची आणि दोन-चार शाळा मिळून एकच वापरायच्या. 1990 च्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना आली आणि आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमायला लागले, त्याला सगळे केंद्र संमेलन म्हणायचे, आता शिक्षण परिषद म्हणतात. तिथे माहितीची पत्रकं भरणं आणि चहा एवढंच झालं अशी तक्रार तेव्हाही होती आणि आताही आहे, पण तिथे एक गोष्ट घडायची जी नंतर कुठल्याच ॲपला नीट जमली नाही. एक बाई उभ्या राहून आदर्श पाठ घ्यायच्या, समोर खरी मुलं असायची, आणि मग बाकीचे विचारायचे की हातच्याचं तुम्ही असं घेतलं पण आमच्या मुलांना दशकच कळलेलं नाही तर काय करायचं. म्हणजे साहित्य आणि ते वापरायची रीत एकत्रच मिळायची.

नाशिकला यात आणखी एक जास्तीची गोष्ट मिळाली, ती म्हणजे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 1 जुलै 1989 ला ते सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि गंगापूर धरणाच्या रस्त्याला गोवर्धनला त्याचा परिसर उभा राहिला. नोकरीत असलेल्या शिक्षकांनी नोकरी न सोडता बीएड करायचं ही सोय इथून राज्यभर गेली. त्यासाठी पुस्तकंच वेगळ्या पद्धतीने लिहिली होती, शिकवणारा समोर नाही हे गृहीत धरून, मध्येच प्रश्न, मागे उत्तरं, पुढे काय करून बघायचं त्याच्या सूचना. दूर बसलेल्या माणसाला साहित्य पाठवायचं तर त्यात काय काय असावं लागतं हा विचार आपल्या शहरात इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधी झालेला आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं.

मग कॉम्प्युटर आले. 2000 नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले, सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र लागायला लागलं म्हणून पन्नाशीतल्या गुरुजींनीही माऊस हातात धरला. पण शिकून आल्यावर मराठीत टाइप करायला बसलं की खरी गंमत सुरू व्हायची, म्हणजे त्रास. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, सुरेख, जितके फॉन्ट तितके कीबोर्ड. या जुन्या फॉन्टमध्ये स्क्रीनवर मराठी अक्षर दिसतं पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच असतं, वर फक्त मराठी आकार चढवलेला. त्यामुळे सिन्नरच्या सरांनी कृतीदेवमध्ये केलेली प्रश्नपत्रिका निफाडच्या बाईंच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ओळख देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी 1991 पासून होती, पण शाळेच्या, डीटीपीवाल्याच्या आणि सायबर कॅफेच्या मशीनवर ती रुळायला खूप वर्षं गेली.

यावर लोकांनी जो उपाय काढला तो आजपर्यंत आपल्याला भोवतोय असं माझं स्पष्ट मत आहे. फाइल नीट दिसावी म्हणून ती पीडीएफ करायची, नाहीतर सरळ प्रिंट काढून स्कॅन करायची. दिसायला एकदम व्यवस्थित, कोणत्याही मशीनवर उघडते, पण आता त्यात बदल करता येत नाही. गणितातल्या उदाहरणात लोकलचं तिकीट आहे आणि आपल्या पेठ तालुक्यातल्या मुलांनी लोकल पाहिलेली नाही, तिथे जीपचं भाडं घालायचंय, नाही घालता येत. शिवाय जुन्या फॉन्टमधला किंवा स्कॅन केलेला मजकूर गुगलवर मराठीत शोधला तर सापडतच नव्हता, कारण शोधायला त्यात मराठी अक्षरं नव्हतीच. सापडत नाही म्हणून माणसाला विचारायचं आणि माणूस जे देईल ते जसंच्या तसं वापरायचं, ही सवय तिथून लागली. नंतर मोबाइलवर मराठी टाइप करणं इतकं सोपं झालं की लहान मूलही करतं, तरी शैक्षणिक साहित्य म्हटलं की पीडीएफच हे डोक्यात बसलं ते बसलंच.

ब्लॉगचा जमाना साधारण 2010 नंतरचा. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या म्हटल्यावर राज्यभर एकच धावपळ उडाली. तेव्हा हौशी शिक्षकांनी स्वतःचे ब्लॉग काढले, रात्री जागून काढले, पदरचे पैसे घालून काढले, आणि त्यावर सगळ्यात जास्त डाउनलोड व्हायच्या त्या या तयार नोंदी आणि निकालपत्रकाच्या एक्सेल शीट. याबद्दल शिक्षकांना नावं ठेवणारे भरपूर आहेत पण मी ठेवणार नाही, दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या माणसाने आधी कागदाचं ओझं कमी करायला मदत मागितली तर त्यात चूक काय. 2015 मध्ये शाळेची आणि मुलांची माहिती ऑनलाइन भरायचं सरल आलं, शालेय पोषण आहाराची ऑनलाइन माहिती आली, की परत तेच. पण परिणाम असा झाला की ऑनलाइन देवाणघेवाणीचं पहिलं मोठं वळण कामकाजाच्या साहित्याकडे गेलं, शिकवण्याच्या साहित्याकडे नाही.

शिकवण्याकडे ते वळलं 22 जून 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रच्या निर्णयानंतर, नंदकुमार साहेब शिक्षण सचिव असताना. साताऱ्याचं कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट), तिथे मुलं स्वतः करून कशी शिकतात ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करकरून गेले, आपल्या जिल्ह्यातूनही गेले, फरशीवर आखलेल्या आकृत्या, मुलांच्या हातातले खडे आणि कार्ड याचे फोटो काढून आणले. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघून गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. फोटो खूप फिरले. काही शाळांनी फोटो बघून फरशी रंगवली आणि तिथेच थांबल्या, काही शाळांनी प्रत्यक्ष जाऊन तिथल्या बाईंना विचारलं की रोजचा तास कसा चालतो, आणि त्यांच्याकडे मुलं वाचायला लागली. फरक कशाने पडला ते यातच दिसतं.

त्याच सुमारास व्हॉट्सॲपने सगळं व्यापलं. 2014 च्या शेवटी ग्रुपमध्ये 100 माणसं मावायची, 2016 च्या सुरुवातीला 256 झाली, म्हणून तालुक्याच्या नावापुढे ग्रुप 1, ग्रुप 2, ग्रुप 3 असे आकडे दिसतात. मार्च 2016 मध्ये त्यावर पीडीएफ पाठवता यायला लागली. 5 सप्टेंबर 2016 ला, शिक्षक दिनालाच, जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. या तीन गोष्टी एका वर्षात झाल्या आणि ब्लॉग बघता बघता मागे पडले. ब्लॉगवर निदान इयत्तेप्रमाणे, विषयाप्रमाणे पानं असायची, कोणी केलं ते नाव असायचं. व्हॉट्सॲपवर फाइलचं नाव डॉक, तारीख, डब्ल्यूए आणि पुढे आकडा एवढंच उरतं, मग तीन महिन्यांनी ती शोधायची कशी, परत विचारायचं, कोणाकडे आहे का. आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर जिथे रेंजच नाही तिथले शिक्षक शनिवारी घरी आले की डाउनलोड करून घ्यायचे, सोमवारी ब्लूटूथ नाहीतर शेअरइटने एकमेकांना द्यायचे. स्वस्त डेटाची गोष्ट सांगताना ही माणसं विसरली जातात.

सरकारी बाजूने शिक्षकांसाठी साहित्याचं मित्रा ॲप आलं, आणि 5 सप्टेंबर 2017 ला, परत शिक्षक दिनालाच, केंद्र सरकारचं दीक्षा, तेही शिकण्या-शिकवण्याच्या साहित्याचंच. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, म्हणजे धडा समोर आहे आणि त्याचा व्हिडिओ तिथेच. पुस्तकाला क्यूआर कोड जोडायची कल्पना आपल्याकडे आधी वर्गात वापरून दाखवली ती सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या 9 अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. साहित्य वाटून घेण्याच्या गोष्टीत हे यायलाच हवं.

कोरोनात मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या आणि नको तितकं साहित्य यायला लागलं. शाळा बंद पण शिक्षण सुरू असं म्हणत रोजची अभ्यासमाला ग्रुपवर यायची, ती शिक्षकांनी पालकांना पाठवायची, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा. त्यात 29 जून 2020 ला 59 चिनी ॲपवर बंदी आली, त्यात शेअरइट होतं, झेंडर होतं आणि कॅमस्कॅनरही होतं, म्हणजे वह्या आणि स्वाध्याय स्कॅन करायचं आणि नेटशिवाय फाइल द्यायचं दोन्ही साधनं ऐन गरजेच्या वेळी गेली, लोकांनी आठवड्याभरात दुसरी शोधली.

पण त्या काळातलं नाशिकचं सगळ्यात मोलाचं काम मोबाइलवर झालं नाही, रेडिओवर झालं. रेडिओ विश्वास, 90.8 एफएम, हे इथलं सामुदायिक रेडिओ केंद्र. जून 2020 मध्ये त्यांनी शिक्षण सर्वांसाठी हा उपक्रम सुरू केला, जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांतल्या तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी. सुमारे 150 शिक्षकांनी स्टुडिओत जाऊन पाठ रेकॉर्ड केले, प्रत्येक विषयाची वेळ ठरलेली, मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत सगळं. 50 ते 60 हजार मुलांपर्यंत ते पोचलं असं सरकारी पत्रकात म्हटलंय, आणि पुढे तेच रेकॉर्डिंग राज्यातल्या आणखी 6 सामुदायिक रेडिओंना दिलं गेलं. या केंद्राला नंतर राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ज्या घरात एकच मोबाइल आणि तो बापाबरोबर कामावर, त्या घरासाठी हे केलेलं होतं. फक्त आवाजावर शिकवायचं म्हणजे फळा नाही, हातवारे नाहीत, मुलगा कुठे अडेल ते आधीच ओळखून बोलायचं. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांमागे जो विचार होता तोच इथे आवाजात उतरला.

आता हक्काबद्दल थोडं, कारण यावर ग्रुपवर भांडणं होतात. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा, त्याच्या कलम 52 मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला मजकुराची प्रत काढायची मुभा आहे, आणि दिल्ली विद्यापीठातल्या दुकानात पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्स काढण्याविरुद्ध प्रकाशकांनी केलेल्या खटल्यात 2016 ला दिल्ली उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर शिक्षणाच्या बाजूने निकाल दिला. वर्गासाठी प्रत काढणं वेगळं आणि दुसऱ्या शिक्षकाने रात्र घालवून केलेल्या फाइलवरचं नाव कापून आपलं घालणं, जाहिरातींच्या साइटवर चढवणं वेगळं, त्याला ही मुभा नाही. असं एकदोनदा झालं की करणारा माणूस गप्प बसतो किंवा पानभर आडवा वॉटरमार्क मारतो आणि मग झेरॉक्समध्ये मुलांना अक्षरंच दिसत नाहीत. त्यावर सरळ मार्ग आहे तो खुल्या परवान्याचा. प्रथम बुक्सची मुलांच्या गोष्टींची साइट स्टोरीवीव्हर 8 सप्टेंबर 2015 ला सुरू झाली, तिथल्या गोष्टी डाउनलोड करा, भाषांतर करा, बदला, फक्त मूळ लेखकाचं, चित्रकाराचं नाव द्या. कोरोनात गोष्टींचा शनिवार हा राज्याचा उपक्रम याच गोष्टींवर उभा राहिला. ज्या मुलांच्या घरी कोकणा किंवा अहिराणी बोलतात त्यांच्या शिक्षकाला ही बदलायची परवानगी किती कामाची आहे ते वेगळं सांगायला नको. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट आहे, स्क्रीनवर प्रयोग करून बघायचं, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमननी 2002 मध्ये सुरू केलेलं, त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत, एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. अरविंद गुप्तांची साइट तर आहेच, कचऱ्यातून खेळणी आणि हजारो पुस्तकं, मराठीसुद्धा, सगळं फुकट.

हे खुलं साहित्य टिकतं याचं आणखी एक कारण आहे. बालभारतीची पुस्तकं 2013 पासून इयत्तेमागून इयत्ता बदलत गेली, 2018 ला पहिली आणि दहावी, 2019 ला दुसरी, आणि 2025 मध्ये पहिलीचं परत नवीन आलं. दर वेळी पाठाला चिकटवून केलेल्या फायली एका रात्रीत जुन्या होतात आणि ग्रुपवर सगळं पहिल्यापासून मागायला लागतं. अपूर्णांकाची पट्टी, पाण्याचा दाब दाखवणारी बाटली, वाचायला लावणारी गोष्ट यांना पुस्तक बदलल्याने फरक पडत नाही. तरी जिल्ह्यातल्या ग्रुपवर आजही मागणी पाठाच्या नावानेच होते, पीडीएफच मागितली जाते, वर्ड फाइल मागणारे फार थोडे, आणि फाइलसोबत माझ्या वर्गात हे असं चाललं आणि इथे मुलं अडली अशा दोन ओळी लिहिणारे त्याहून थोडे. केंद्र संमेलनात जो प्रश्न पाठ संपल्या संपल्या यायचा तो विचारायला ग्रुपवर आत्ता जागा आहे, वेळही आहे, पण फाइल आली की खाली येतात ते फक्त हात जोडलेले आणि अंगठे.