सिरॅमिक दाणा: मटेरियल तेच जुनं, फुटायची रीत नवी

सिरॅमिक व्हील, म्हणजे धातू घासायचं ग्राइंडिंगचं चाक, म्हटलं की नव्या पोरांना वाटतं हे टाइल्स घासायचं चाक असेल, नाहीतर त्यातला घासणारा दाणा कसल्यातरी भारी, हिऱ्याच्या जवळपास जाणाऱ्या मटेरियलचा असेल. दोन्ही चूक. दाणा ॲल्युमिनाचाच, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, जो साध्या तपकिरी व्हीलमधे असतो तोच, आणि आपल्याकडे ज्याला कुरुंद म्हणतात तेही तेच. इंग्रजीतला कोरंडम हा शब्दसुद्धा तमिळ कुरुंदमवरनं गेलाय आणि संस्कृतात माणकाला कुरुविंद म्हणायचे, माणिक म्हणजे शेवटी लाल कुरुंदच की. आपले रत्नांना पैलू पाडणारे कारागीर कुरुंदाची पूड लाखेत कालवून त्याची चाकं करायचे, म्हणजे दाणा आणि बाँड (दाणे एकत्र धरून ठेवणारा मसाला) ही भानगड आपल्याला काही नवी नाही.

युरोप-अमेरिकेत तेव्हा एमरी चालायची, ग्रीसच्या नाक्सोस बेटावरची आणि तुर्कस्तानातली. एमरी म्हणजे कुरुंदात लोखंडाचे ऑक्साइड मिसळलेला काळा दगड, आणि खाणीतला माल असल्यामुळे एक पोतं दुसऱ्यासारखं निघायचं नाही. अमेरिकेत वूस्टर गावात नॉर्टन नावाच्या माणसाचा कुंभारकामाचा कारखाना होता, तिथल्या स्वेन पुल्सन नावाच्या कामगाराने बियरच्या पैजेवर एमरी आणि माती मळून भट्टीत भाजून चाक करून दाखवलं असं सांगतात. पैजेचं खरंखोटं देव जाणे पण 1885 साली त्यातनं नॉर्टन एमरी व्हील कंपनी उभी राहिली हे नक्की. गंमत बघा, चाकाचा बाँड तेव्हापासूनच मातीचा, भाजलेला, म्हणजे सिरॅमिक. त्यामुळे आज कोणी नुसतं सिरॅमिक व्हील म्हणालं तर आधी विचारा, दाणा सिरॅमिक की बाँड? दुकानदार बरेचदा यातच घोळ घालतात.

मग वीज आली आणि खाणीवरचं अवलंबणं सुटलं. 1891 मधे ॲचेसनने सिलिकॉन कार्बाइड केलं, ते कार्बोरंडम. 1897 मधे चार्ल्स जेकब्जने बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून कृत्रिम कुरुंद काढला, त्याचे हक्क नॉर्टनने घेतले आणि 1901 मधे नायगारा फॉल्सला कारखाना टाकला कारण धबधब्याची वीज स्वस्त. हाच तो फ्यूज्ड ॲल्युमिना. आपल्याकडे मोऱ्याला, उरणजवळ, भाऊच्या धक्क्यावरनं लाँच जाते तिथे, 1941 साली ग्राइंडवेलने चाकं करायला सुरुवात केली, पुढे तिचीच ग्राइंडवेल नॉर्टन झाली.

फ्यूज्डची पद्धत कळली की सिरॅमिकची का गरज पडली ते आपोआप कळतं. ॲल्युमिना वितळतो 2050 अंशाच्या वर, तो रस भट्टीतनं काढून गार होऊ द्यायचा, मोठी ढेप होते, ती फोडायची. हळू गार झालं की स्फटिक मोठे होतात, खडीसाखरेसारखे, त्यामुळे एकेक दाणा म्हणजे एकच स्फटिक किंवा फारतर दोनचार. असा दाणा कामाला लागला की दोनच गोष्टी होतात, एकतर टोक घासून सपाट होतं आणि चाक ग्लेझ मारतं म्हणजे गुळगुळीत होऊन कापेनासं होतं, जॉब म्हणजे घासायचा तुकडा जळतो, नाहीतर मोठा टवका उडून अर्धा दाणाच जातो. ऐंशीएक वर्षं सगळी झटापट यावरच, पांढरा ॲल्युमिना, क्रोमियम टाकून गुलाबी, झिर्कोनिया मिसळलेला, प्रत्येकाने थोडं थोडं सुधारलं पण वितळवायचं बहुतेकांनी सोडलं नाही.

खऱ्या अर्थाने सोडलं ते थ्रीएमने. आणि ही कंपनी कोण, तर 1902 मधे मिनेसोटात टू हार्बर्सला कुरुंदाची खाण म्हणून जमीन घेऊन बसली आणि निघाला ॲनॉर्थोसाइट, कुरुंदापेक्षा कितीतरी मऊ, घासायला बिनकामाचा. त्या फसगतीतनं ते सँडपेपरकडे वळले. ज्यांना जमिनीत कुरुंद मिळाला नाही त्यांनी सत्तरऐंशी वर्षांनी तो पाण्यात कालवून तयार केला! त्यांच्याकडे सोल-जेलने, म्हणजे पूड पाण्यात कालवून घट्ट जेल करून, सिरॅमिक धागे बनवायचं काम आधीच चालू होतं, त्याच वाटेने त्यांच्या लाइथायझर आणि सोमन यांनी दाणा काढला, 1981 मधे क्युबिट्रॉन नावाने बाजारात आला, पेटंट 1982 चं.

प्रोसेस ऐकली की मला कुरडया आठवतात. बोहमाइट नावाची ॲल्युमिनाची पूड पाण्यात, थोडं नायट्रिक ॲसिड घालून कालवायची, गव्हाच्या चिकासारखं घट्ट जेल होतं, ते वाळवायचं, फोडायचं, चाळायचं आणि मग भाजायचं 1300-1400 अंशाच्या आसपास. वितळवणं नाहीच. म्हणून सिरॅमिक. आत स्फटिक मोठे व्हायला वावच मिळत नाही त्यामुळे एका दाण्यात असंख्य बारीक स्फटिक घट्ट चिकटून बसलेले.

थ्रीएमला त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडसारखं काहीतरी घालावं लागायचं, नाहीतर घट्ट भाजलं जायचं नाही. नॉर्टनवाल्यांनी वेगळी युक्ती केली, जेलमधे अल्फा ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनाच्या कुरुंदासारख्या कडक रूपाचे, अगदी बारीक कण बी म्हणून टाकले, दुधाला विरजण लावतात ना तसं, आणि सगळं जेल कमी तापमानाला अल्फा व्हायला लागलं, स्फटिक एका मायक्रॉनच्याही (मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली राहिले. कॉटरिंजर, व्हॅन डी मर्वे, बाउअर यांचं ते पेटंट 1986 चं, आणि त्यातनं एसजी व्हील आली, एसजी म्हणजे सीडेड जेल. माझ्या मते खरी हुशारी ही होती, पण नाव मात्र थ्रीएमचंच जास्त ऐकू येतं. नॉर्टन 1990 मधे फ्रान्सच्या सेंट-गोबेनने विकत घेतली.

आता कडकपणा बघाल तर फ्यूज्ड आणि सिरॅमिकमधे फार मोठा फरक नाहीच, फरक फुटण्यात आहे. सिरॅमिक दाण्यावर जोर पडला की मायक्रॉनभराची कपची निघते आणि खाली नवी धार तयार असते, म्हणून ड्रेसिंग, म्हणजे चाक खरडून पुन्हा धारदार करणं, कमी, जॉब थंड. पण जोर पडला तर! हलक्या मशीनवर, हात राखून घासलं तर कपची निघतच नाही, दाणा तसाच बोथट राहतो आणि मग लोक म्हणतात एवढे पैसे घालून काय मिळालं. मीही एकदा जुन्या हलक्या सरफेस ग्राइंडरवर महागडं व्हील चढवून जॉब काळा केलाय, तेव्हा चाकालाच शिव्या घातल्या होत्या.

किंमतीमुळेच बहुतेक चाकांत तो मिसळून येतो, नॉर्टनच्या 5एसजी मधे 50 टक्के, 3एसजी मधे 30, 1एसजी मधे 10, बाकी साधा ॲल्युमिना. निळा-जांभळा रंग बघून तर अजिबात ठरवू नका, रंग कंपनी हवा तो देते.

पुढची उडी आकाराची. जेल ओलं असताना मऊ असतं, मग फोडायचंच कशाला, आकार देऊनच भाजू. नॉर्टनने ते सोऱ्यातनं शेवया काढाव्या तसं दाबून लांबुळके दाणे काढले, त्यांच्या टीजी नावाच्या दाण्यात लांबी जाडीच्या चौपट, टीजी2 मधे आठपट. थ्रीएमने 2009 मधे क्युबिट्रॉन टू आणलं, त्यात साच्यातले एकसारखे त्रिकोण, बेल्टवर आणि फायबर डिस्कवर टोक वर करून उभे लावलेले. स्टेनलेसचं वेल्डिंग त्या डिस्कने घासून बघा, चुरा न पडता बारीक लांब चिप निघते, लेथवर निघावी तशी.