नॅरोबोट प्रशिक्षण

इंग्लंड-वेल्समधील अरुंद कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे लांब आणि चिंचोळी पोलादी बोट चालवायला शिकवणारा छोटा अभ्यासक्रम. तो बहुधा शनिवार-रविवारी, खऱ्या कालव्यावर, खऱ्या बोटीतच होतो. मराठीत कालवा म्हटले की मुठा उजवा कालवा किंवा नीरेचे पाट डोळ्यांसमोर येतात, म्हणजे शेताला आणि शहराला पाणी नेणारा पाट. इंग्लंडचे हे कालवे मात्र मुळात मालवाहतुकीचे रस्ते होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर (1766–77) लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, सुमारे 7 फूट रुंद आणि 72 फूट लांब ठेवले. लॉक अरुंद असले की बांधकामाचा खर्चही वाचतो आणि पाणीही. मधल्या इंग्लंडातल्या बऱ्याच कालव्यांनी पुढे हेच माप उचलले. आजची नॅरोबोट साधारण 6 फूट 10 इंच रुंद असते, ती त्यामुळेच. लांबी मात्र 70 फुटांपर्यंत जाते आणि वजन 15–20 टनांच्या घरात. रेल्वेच्या डब्याएवढी ही वस्तू एक माणूस मागच्या टोकाला उभा राहून वळवतो.

तिथे हौसेने बोट चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. परवाना बोटीला लागतो. सुट्टीसाठी बोट भाड्याने घेणाऱ्याला मालक तासाभरात सगळे समजावून किल्ली हातात देतात. अभ्यासक्रम सक्तीचा नाही, तरीही लोक पैसे भरून येतात. स्वतःची बोट घेऊन तिच्यातच राहायला निघालेले तर हमखास येतात. सर्वांत परिचित प्रमाणपत्र रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘इनलँड वॉटरवेज हेल्म्समन’. त्याचा अभ्यासक्रम एक-दोन दिवसांचा असतो. लेखी परीक्षा नसते, शिकवणाराच काम बघून दाखला देतो. युरोपातील कालव्यांवर जायचे असेल तर हा दाखला उपयोगी पडतो. त्याला तिकडच्या नियमांच्या परीक्षेची जोड द्यावी लागते.

पहिल्या सकाळी इंजिनाचे तेल, पाणी आणि दोऱ्या तपासून होतात, मग सुकाणू हातात येते. नॅरोबोटीला चाक नसते. सुकाणूचा दांडा, म्हणजे टिलर, असतो. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. ही उलटी चाल अर्ध्या तासात अंगवळणी पडते. त्याहून अवघड गोष्ट अशी, की बोट गाडीसारखी पुढून वळत नाही. ती साधारण मध्यावर फिरते, त्यामुळे नाळ, म्हणजे पुढचे टोक, डावीकडे गेली की शेपूट उजवीकडे झाडल्यासारखे जाते. पुलाच्या कमानीत नाळ नीट शिरली म्हणून सुस्कारा सोडावा, तोच मागचा कोपरा दगडाला घासतो. पंख्याने (प्रोपेलरने) मागे फेकलेले पाणी सुकाणूच्या पात्यावर आदळते तेव्हाच सुकाणू चालते. इंजिन न्यूट्रलला टाकले की बोट हळूहळू ऐकेनाशी होते, आणि उलट्या गियरमध्ये तर जवळजवळ ऐकतच नाही. ब्रेक नाही, थांबायचे तर उलटा गियर हाच उपाय, आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत बोट बरीच पुढे गेलेली असते.

म्हणून या दोन दिवसांत खरे शिकायचे ते हळू जाणे. कमाल वेग ताशी 4 मैल (सुमारे 6.4 किमी), म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. ऐकताना हा वेग हास्यास्पद वाटतो. पण उथळ कालव्यात जास्त रेटले तर बोटीचा मागचा भाग खाली बसतो, काठावर लाटा फुटतात, माती ढासळते आणि वेग काही वाढत नाही. बांधून ठेवलेल्या बोटींजवळून तर इंजिन अगदी मंद ठेवूनच जायचे. नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात आणि आतल्यांचा चहा सांडतो. समोरून बोट आली तर दोघांनी उजवी बाजू धरायची, पण फार आधी काठाला सरकायचे नाही, कारण काठाजवळ गाळ असतो. नवशिका घाबरून आधीच कडेला जातो आणि रुततो. मग उलटा गियर, छतावरचा लांब बांबू आणि सगळ्यांनी दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहणे, असा कार्यक्रम होतो. हात किंवा पाय मध्ये घालून बोट अडवायची नाही, हे मात्र पहिल्या मिनिटापासून बजावले जाते. 15 टनांपुढे माणसाच्या हाडाचे काही चालत नाही.

लॉक (जलपाश) हा दुसरा धडा. दोन दारांमधल्या हौदात बोट घ्यायची आणि पाणी भरून किंवा सोडून तिला वर-खाली न्यायचे. झडपा उघडायला विंडलस नावाची काटकोनात वाकवलेली लोखंडी किल्ली असते. ती झडपेच्या चौकोनी आसावर बसवून फिरवली की खटक्याचा टकटक आवाज येतो आणि खाली पाणी घुसळायला लागते. काम झाले की किल्ली लगेच काढायची. खटका सुटला तर ती गरगर फिरते आणि मनगट मोडते. दार हाताने ओढून उघडत नाही. त्याला जोडलेल्या लांब तुळईला पाठ टेकवून, पाय जमिनीत रोवून ढकलावे लागते. दोन्ही बाजूंचे पाणी समान पातळीवर येईपर्यंत ते तसूभरही हलत नाही, आणि समान झाले की लहान मूलही हलवू शकते. उतरताना खरा धोका वरच्या दाराखालच्या दगडी उंबऱ्याचा. बोटीचे मागचे टोक त्यावर अडकले आणि पाणी उतरत राहिले, तर नाळ खाली जाऊन बोट बुडते. म्हणून भिंतीवर रेघ रंगवलेली असते. तिच्या पुढे राहायचे. एका अरुंद लॉकच्या एका फेरीला लाखभर लिटर पाणी लागते. वूस्टर–बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डबिगला तर ओळीने 30 लॉक आहेत. अभ्यासक्रमात तितके कोणी चढवत नाही, दोन-चारांत बाह्या भिजतात.

बाकी सुरगाठी, बोगदा, कोणी पाण्यात पडले तर काय, असे विषय उरकले जातात. बहुतेक ठिकाणी पाणी कमरेएवढेच, त्यामुळे बुडण्याहून पंख्याची भीती मोठी: आधी न्यूट्रल, मग दोरी.

पूर्वी हे कोणी शिकवत नसे. बोटीवरच्या कुटुंबांतली मुले सुमारे 10 फुटांच्या खोलीत जन्मत आणि टिलरपर्यंत हात पोचला की बोट धरत. बाहेरच्यांना पद्धतशीर शिकवणे सुरू झाले ते दुसऱ्या महायुद्धात. 1942 पासून ग्रँड युनियन कालव्यावर तरुण बायकांना घेतले गेले. तिघी मिळून एक इंजिनाची आणि एक बिनइंजिनाची (‘बटी’) अशी जोडी चालवत, लंडनहून बर्मिंगहॅमकडे माल नेत आणि परत येताना कोळसा आणत. किट गेफोर्ड ही त्यांची प्रशिक्षक. त्यांच्या बिल्ल्यावरच्या ‘आय डब्ल्यू’चा अर्थ होता इनलँड वॉटरवेज, लोकांनी केला ‘आयडल विमेन’, म्हणजे आळशी बायका. पन्नास टन माल हाकणाऱ्यांना हे नाव! 1962–63 च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूकही बहुतेक संपली. त्यामुळे जन्मजात नावाडी मिळेनासे झाले.

त्यांचे शब्द मात्र शिकवणाऱ्यांच्या तोंडी आहेत. बोट वळवण्यासाठी रुंद केलेल्या जागेला ‘विंडिंग होल’ म्हणतात. त्याचा उच्चार ‘वाइंडिंग’ केला की शिकाऊ लगेच ओळखू येतो. लॉकच्या काठावर उभे राहून दुसऱ्यांची फजिती बघत बसणाऱ्याला ‘गाँगूझलर’ म्हणतात, आणि रविवारी दुपारी ऊन असले तर प्रत्येक लॉकवर असे पाच-सहा जण तरी असतात.