श्रोणितल मर्दन

ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा ताठरपणा आणि दुखणे कमी करण्यासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हाताने जो उपचार करते, त्याला श्रोणितल मर्दन म्हणतात. हे स्नायू पुढच्या जघनास्थीपासून (ओटीपोटाच्या खालच्या टोकाला लागणाऱ्या हाडापासून) मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तोलून धरतात. झोळी सैल पडली तर ‘अंग बाहेर येते’, हे जुन्या बायकांना नेमके ठाऊक असते. तीच झोळी सतत आवळलेली राहिली तर जे दुखते, त्याला मात्र घरगुती मराठीत शब्दच नाही. बाई ‘कंबर धरते’ एवढेच सांगते आणि औषधही कंबरेचेच मिळते.

शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, बसल्यावर माकडहाडात कळ, सारखी लघवीला लागल्याची भावना, शौचाला कुंथावे लागणे ही या ताठरपणाची लक्षणे आहेत. बाळंतपणातले टाके, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), माकडहाडावर पडणे, दीर्घकाळचा मानसिक ताण ही काही कारणे. बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून तासन्‌तास लघवी रोखून धरण्याची सवयही यात भर घालते.

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर अशा वस्त्यांतल्या मराठी घरांना मालिश नवे नाही. शेजारच्या हिंदी घरात जापा, आपल्याकडे बाळंतपण. सव्वा महिना तेल, शेक, धुरी आणि डिंकाचे लाडू दोन्हीकडे. मालिशवाल्या बाईचा हात पाठ, मांड्या, पोट मोकळे करतो आणि बाळंतिणीला हक्काची विश्रांती मिळते, ही त्या प्रथेची मोठी देणगी आहे. पण तो हात श्रोणितलापर्यंत पोचत नाही, आणि पोचूही नये. आतून करायचे मर्दन शरीररचना शिकलेल्या व्यक्तीचेच काम आहे.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञाची तपासणी होते. मग पोट, जांघा, नितंब बाहेरून सैल केले जातात. त्यानंतर, बाईची स्पष्ट संमती घेऊन, हातमोजा घातलेल्या एका बोटाने योनीतून स्नायू चाचपतात. जागा घड्याळाच्या आकड्यांनी ओळखतात: जघनास्थीकडे १२, गुदद्वाराकडे ६. दुखरी गाठ सापडली की सोसवेल इतकाच दाब देऊन ती सैल होईपर्यंत थांबतात. श्वास पोटात घेतला की श्रोणितल आपोआप खाली उतरते, म्हणून श्वासाचा सराव हा उपचाराचा अर्धा भाग समजावा. ‘थांबा’ म्हटले की हात थांबलाच पाहिजे. आतली तपासणी नको असेल तर केवळ बाहेरून आणि श्वासावर काम करता येते.

जॉर्ज थीले या अमेरिकी डॉक्टरांनी १९३७ मध्ये माकडहाडाच्या दुखण्यावर गुदद्वारातून असे मर्दन वर्णिले. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांचे श्रोणितल आकुंचनाचे व्यायाम १९४८ चे. ते सैल स्नायूंसाठी आहेत. आवळलेल्या स्नायूंवर तेच केले तर दुखणे वाढू शकते. ‘केगेल करा’ हा सरसकट सल्ला म्हणूनच घातक वाटतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूत्राशयाच्या वेदना असलेल्या ८१ स्त्रियांचे दोन गट केले होते. दुखऱ्या स्नायूंवर नेमका उपचार झालेल्या गटात ५९ टक्के स्त्रियांना आराम पडला, तर सर्वांगाची साधी मालिश झालेल्यांत २६ टक्क्यांना.

जंतुसंसर्ग, कारण न कळलेला रक्तस्राव किंवा ओले टाके असताना हा उपचार करत नाहीत. गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पहिलटकरणीला ३४व्या-३५व्या आठवड्यापासून योनीमुखाची जी हलकी मालिश शिकवतात, ती वेगळी: तिथे उद्देश दुखणे घालवण्याचा नसून प्रसूतीत त्वचा फाटणे कमी व्हावे हा असतो.